घर सोडून निघालेल्या लेकरांची पंचसूत्री

मागच्या खोलीत कानात वायर घालून बसलेल्या लेकरांनो, आज तुमच्याशीच बोलायचंय, तेव्हा तेवढी वायर काढा आणि इकडे येऊन बसा.

बारावीचे, आयटीआयचे निकाल लागले की आपल्या गावातून पोरं-पोरी बाहेर पडायला लागतात. कुणी नर्सिंगला जातं, कुणी कंपनीत, कुणी भरतीच्या तयारीला, कुणी दुकानात कामाला. आई चार दिवस आधीपासून चिवडा करते, शेंगदाण्याची चटणी कुटते, लोणच्याची बरणी फडक्यात बांधते. माझी पुतणी येत्या महिन्यात नर्सिंगला जिल्ह्याच्या गावी निघाली आहे. आमच्या घरीही हीच गडबड चालू आहे. परवा तिची पेटी भरताना माझा हात थांबला. मनात आलं, लोणचं तर महिन्यात संपेल. त्याच्या पुढं पुरेल असं काय बांधून देतोय आपण हिला?

हा प्रश्न मला का पडला, ते आधी सांगते. सांगायला जड जातंय, पण बहिणीची परवानगी घेऊन सांगतेय.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा, फिटरचा आयटीआय झाला आणि चाकणच्या बाजूला कंत्राटी कामाला लागला. वय एकवीस. हातात महिना चौदा हजार यायचे. पोरगं सरळ, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी धरणारं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात बहिणीकडची विहिरीवरची मोटर जळाली. दाजींनी पोराला फोन केला, "आठ हजार पाठव, ऊस वाळतोय." त्याच्याकडे आठ हजार नव्हते. पण बापाला नाही कसं म्हणायचं? पोरगा कमावता झालाय हे दाजी पारावर चारजणांना सांगून बसलेले. त्यानं मोबाईलवर एक कर्ज देणारं ॲप उतरवलं आणि दहा मिनिटांत पैसे घेतले.

त्या ॲपवर कर्ज पाच हजारांचं होतं, पण खात्यात आले तीन हजार चारशे. सोळाशे रुपये आधीच कापले, कसली तरी फी म्हणून. आणि सात दिवसांनी फेडायचे पूर्ण पाच हजार. आठ हजार जमवायला त्यानं आणखी दोन ॲप उतरवली. आठवड्यानं पहिल्याचे फेडायला चौथं, चौथ्याचे फेडायला पाचवं. दोन महिन्यांत मागणी एक्केचाळीस हजारांवर गेली. मग ॲपवाल्यांनी त्याच्या मोबाईलमधले सगळे नंबर काढले आणि फोन सुरू केले. आईला, मामाला, शाळेतल्या गुरुजींना, किराणा दुकानदाराला. घाणेरड्या शिव्या, खोटे फोटो. बहिणीला वाटलं, पोरानं चोरी केली. तिनं त्याला फोन केला तर त्याचा फोन बंद. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस बंद.

ते चार दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही. नको ते विचार मनात येत होते. मी काय ते बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

पाचव्या दिवशी अनोळखी नंबरावरून मला फोन आला, सासवडहून. आळंदीहून माउलींची पालखी निघाली तेव्हा हा खोलीतून बाहेर पडला आणि वारीच्या गर्दीत शिरला होता. तिथं जेवायला मिळतं आणि तू कोण म्हणून कुणी विचारत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. दिवेघाट चढून सासवडला मुक्काम पडला. पंगतीत शेजारी बसलेल्या एका आजीनं त्याला विचारलं, "बाळा, घरी सांगून आलायस ना?" तो काही बोलला नाही. आजीनं पिशवीतून आपला साधा फोन काढून त्याच्या हातात दिला. "आधी आईला आवाज ऐकव. पांडुरंग कुठं जात नाही, थांबतोय तो."

आईला फोन लावायची हिंमत झाली नाही म्हणून त्यानं मला लावला. म्हणाला, "मावशी, मी तुला विचारलं होतं गं."

आणि मला आठवलं. महिन्यापूर्वी त्याचा फोन आला होता, "मावशी, बचत गटातून कर्ज किती मिळतं गं?" मी बैठकीत होते. हसत म्हणाले, "गट बायकांचा असतोय रं, तुला काय करायचंय?" आणि फोन ठेवला. बारा गटांच्या बायकांना मी व्याज काढायला शिकवते. माझ्याच घरातलं पोरगं व्याजात बुडत होतं, ते मला ऐकूच आलं नाही.

तेव्हापासून मी ठरवलं, जे गटात शिकवतो ते घरातल्या लेकरांनाही शिकवायचं. गटाची पंचसूत्री आपल्या सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. हीच पाच सूत्रं मी पुतणीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहेत. तीच आज तुम्हाला सांगते.

पहिलं सूत्र, नियमित बैठक.

गटाची बैठक चुकली की गट मोडायला लागतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. माणसाचंही तसंच आहे. बाळांनो, शहरात गेल्यावर रोज दहा मिनिटं देवाजवळ बसा. खोलीत देव्हारा नसला तरी चालेल. खिडकीत एक तसबीर, एक उदबत्ती पुरे. वसतिगृहात उदबत्ती लावू देत नसतील तर डोळे मिटून नाव घ्या. हरिपाठ येत असेल तर म्हणा. आमच्या गटात एक आपा आहेत, त्यांचा मुलगा पुण्यात पाच वेळा नाही तरी फजरची नमाज चुकवत नाही. एक ताई बुद्धविहारात जातात, त्यांची मुलगी रोज त्रिसरण-पंचशील म्हणते. ज्याचं जे असेल ते, पण रोज. दिवसभर कुणी ना कुणी आपल्याला काही करायला सांगत असतं. ही दहा मिनिटं अशी की त्यात आपण आपल्याला विचारतो, मी करतोय ते बरोबर आहे ना?

दुसरी बैठक घराबरोबर. आठवड्यातून एक दिवस, एक वेळ ठरवा आणि निवांत फोन करा. आयांनो, इथं तुम्हाला एक सांगायचंय. आपण फोनवर काय विचारतो? "जेवलास का? पगार झाला का?" झालं. त्याऐवजी हे विचारून बघा, "काही अडचण आहे का? कुणी त्रास देतंय का?" आणि पोरानं काही सांगितलंच तर पहिल्याच वाक्याला ओरडू नका. पहिल्यांदा ओरडलात की दुसऱ्यांदा ते सांगणार नाही. मी तर ओरडलेही नव्हते, नुसती हसले होते.

आणि लेकरांनो, मन फारच खाली गेलं, झोप लागेना, जगणं नको वाटायला लागलं, तर १४४१६ या नंबरावर फोन करा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. देवाचं नाव घ्या आणि फोनही करा. ताप आला तर आपण अंगाराही लावतो आणि डॉक्टरकडेही जातो, तसंच हे.

दुसरं सूत्र, नियमित बचत.

माझी आजी जात्यावर दळायला बसायच्या आधी एक मूठ धान्य वेगळं काढायची. ते वारकऱ्यांसाठी, दारात येणाऱ्यासाठी. घरात कितीही ओढ असली तरी ती मूठ निघायचीच. आधी मूठ, मग दळण. गटाची बचतही आपण अशीच करतो. महिनाअखेरीला उरलं तर टाकू असं म्हटलं असतं तर एकाही गटात आज शंभर रुपये नसते.

भाच्याचे चौदा हजार आम्ही नंतर वहीवर मांडले. खोलीभाड्याचा त्याचा वाटा अडीच हजार. मेस साडेतीन हजार. गाडीभाडं आणि मोबाईल एक हजार. घरी तीन हजार. बचत चौदाशे, म्हणजे दहावा हिस्सा. हे झाले अकरा हजार चारशे. उरले दोन हजार सहाशे, त्यात कपडे, औषध, सणवार, चहापाणी. पगार झाला त्याच दिवशी चौदाशे बाजूला. बँकेत किंवा पोस्टात आरडी काढा, पोस्टात महिना १०० रुपयांपासून निघते. मात्र आरडी मुदतीआधी मोडायची नाही. अचानक लागणाऱ्या पैशासाठी वेगळं बचत खातं ठेवा आणि त्याचं एटीएम कार्ड पेटीत ठेवा, खिशात नाही.

पहिलं ध्येय एवढंच ठेवा, तीन महिन्यांचा खर्च जवळ असावा. भाड्याचे, मेसचे आणि गाडीभाड्याचे मिळून त्याला महिना सात हजार लागतात. तिप्पट केले की एकवीस हजार. महिना चौदाशे टाकले तर पंधरा महिन्यांत होतात. कंपनीनं काढलं, हात मोडला, तरी तीन महिने कुणापुढं हात पसरायची वेळ येत नाही.

यातच आणखी एक. बँकेत गेलात की दोन विम्यांचे अर्ज भरा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघातासाठी २ लाखांचा. आणि जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. मेच्या शेवटी खात्यातून पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा. आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय ते घरी सांगा. नुसतं नाव लावून उपयोग नाही, ज्याचं नाव आहे त्याला माहीत पाहिजे.

आणि आजीची ती मूठ विसरू नका. पगारातले पन्नास का होईना, दुसऱ्यासाठी काढा. पन्नास रुपये द्यायची सवय असलेल्याचा हात पुढंही मोकळा राहतो.

तिसरं सूत्र, अंतर्गत कर्ज.

गटात आपण एकमेकींकडून कर्ज घेतो. का? कारण देणारी आपल्याला ओळखते, व्याज सगळ्यांसमोर ठरतं आणि अडचण आली तर बसून बोलता येतं. आता हिशेब बघा. गटात शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. ते कमी नाही. पण भाच्याच्या ॲपवर तीन हजार चारशेला सोळाशे रुपये, तेही सात दिवसांत. म्हणजे शेकड्याला सत्तेचाळीस रुपये, आठवड्याला. जुन्या काळचा सावकारही हे ऐकून कानाला हात लावेल.

लेकरांनो, पैशाची अडचण आली तर आधी आपल्या माणसाला सांगा. लाज वाटते, मला माहीत आहे. पण ती लाज एका संध्याकाळची असते. कर्ज घ्यायचंच असेल तर बँक, पतसंस्था, नोंदणी असलेली वित्त कंपनी. मोबाईलवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम घातलेत. व्याज आणि सगळ्या फी आधी स्पष्ट लिहून द्यायला हव्यात, आणि ॲपनं तुमच्या मोबाईलमधले नंबर आणि फोटो घ्यायचे नाहीत. जे ॲप उतरवतानाच "तुमचे नंबर बघू द्या" म्हणतं, ते तिथंच काढून टाका.

आणि त्यात अडकलातच तर नवं कर्ज काढून जुनं फेडू नका. तिथंच थांबा. आलेले मेसेज, फोन, पैसे भरल्याच्या नोंदी जपून ठेवा. १९३० या नंबरावर फोन करा, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आम्ही तेच केलं. गावात ज्यांना ज्यांना फोन गेले होते त्यांच्या घरी बहीण आणि मी स्वतः गेलो आणि खरं काय ते सांगितलं. सगळ्यात अवघड तेच होतं. पण एकदा आपणच सांगून टाकल्यावर त्या लोकांच्या धमकीत दम उरला नाही. फोन हळूहळू बंद झाले. जास्तीचे गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत, तेही खरं सांगते.

पैसे फुकट जायच्या वाटा आणखीही आहेत, त्या लक्षात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. कुणी म्हणालं, "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका," तर तो चोर. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. नोकरी लावतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला द्यायचे नाहीत. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची. आणि हल्ली पोरांना सांगतात, "तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, तीन हजार देतो." त्या खात्यावरून चोरीचा पैसा फिरवतात आणि पोलीस दारात येतात ते तुमच्या. मित्र कितीही जिवाचा असला तरी खातं, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड द्यायचं नाही.

चौथं सूत्र, नियमित परतफेड.

हे नुसतं पैशाचं नाही. भाच्यानं प्रत्यक्ष हातात घेतलेल्या पैशांपैकी जे देणं उरलं होतं, त्यासाठी बहिणीनं गटातून कर्ज घेतलं. गटात ते मांडताना ती रडली. आमच्या अध्यक्ष मावशी एवढंच म्हणाल्या, "पोरगं जिवंत आहे ना? मग लिहा वहीत." ते कर्ज भाच्यानं महिन्याच्या महिन्याला फेडलं. एकदाही हप्ता चुकला नाही. या वारीआधी शेवटचा हप्ता आला, तेव्हा गटातल्या बायकांनी साखर वाटली.

तुकोबारायांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. घरी सावकारी होती, पण दुष्काळात लोकांचे हाल बघून त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. लोकांना मोकळं केलं. पण ज्यांना देणं आहे त्यांनी त्यातून पळवाट काढू नये. ती देणाऱ्याची थोरवी होती. घेणाऱ्यानं फेडायचंच असतं. गाडगेबाबाही कीर्तनातून हेच सांगत फिरले, की कर्ज काढून सण करू नका, देवाला बळी देऊ नका, पोरांना शाळेत घाला. बाबांनी हातात खराटा घेतला, आधी गाव झाडलं आणि मग देवाचं नाव घेतलं.

मालकाची परतफेड म्हणजे कामात चोरी न करणं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी. मळ्यात काम करता करता नाव घेत राहिले. सांगतात की ते पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला. नर्सिंगला निघालेल्या माझ्या पुतणीला मी हेच म्हणाले. एकादशीला उपास घडला नाही तरी चालेल, पण रात्रपाळीला पेशंटनं हाक मारली तर दुसऱ्यांदा मारायला लावू नकोस. ती हाक कुणाची आहे असं समजायचं, ते तुला कळतंय.

पण मालकानंही तुमचं द्यायचं असतं. कामाला लागताना नेमणुकीचा कागद मागा. पगाराची चिठ्ठी मागा. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ लागू होतो. तुमच्या मूळ पगारातून बारा टक्के कापतात आणि तेवढेच मालकानं घालायचे असतात. तुमचा बारा आकडी यूएएन नंबर मागून घ्या आणि पैसे खरोखर भरले जातात का ते मोबाईलवर तपासा. पोरींनो, कामाच्या ठिकाणी कुणी घाण बोललं, अंगाला हात लावला, तर गप्प बसू नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रार समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे. समिती नसेल तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. हे दोन नंबर आत्ताच लिहून घ्या. सोसणं म्हणजे भक्ती नव्हे.

पाचवं सूत्र, नियमित लेखे.

गटाची वही सगळ्यांसमोर लिहितो, म्हणून गटात संशय राहत नाही. एक दहा-वीस रुपयांची वही घ्या. रात्री झोपताना आज काय आलं, काय गेलं ते लिहा. पाच मिनिटं लागतात. महिनाभर लिहिलंत की तुमचा पैसा कुठल्या भोकातून गळतोय ते तुमचं तुम्हालाच दिसेल. भाच्याला दिसलं, चहा-वडापाव आणि मोबाईलवरचे खेळ यात महिन्याला अकराशे जात होते.

कागदांचंही लेखं ठेवा. आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स, एक घरी आणि एक पेटीत. डिजिलॉकरमध्येही ठेवा, मूळ कागद हरवला तर अडत नाही. खोली घेताना अनामत दिल्याची पावती घ्या आणि भाडेकरार करा, बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करतात. घरमालकाचं नाव आणि पत्ता घरी कळवा. भाचा नाहीसा झाला तेव्हा बहिणीला त्याच्या खोलीचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता. "चाकणकडं कुठंतरी," एवढंच. आईला लेकराचा पत्ता माहीत नसावा, हे मला अजून सलतं.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर मनाचं लेखं. आज कुणाला दुखावलं का? कुणाचं देणं राहिलं का? ते लिहा आणि दुसऱ्या दिवशी मिटवा.

पाच सूत्रं झाली. आता देवाबद्दल एक शेवटचं सांगते, कारण शहरात एकटं पडल्यावर माणूस घाबरतो आणि घाबरलेल्याला फसवणारे बरेच असतात. "तुझ्यावर करणी झाली आहे, पाच हजार दे, पूजा करतो," असं कुणी म्हणालं तर उठून चालायला लागा. अशा फसवणुकीविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. देवाशी सौदाही करू नका. पास कर, मग अकरा नारळ फोडीन, हे दुकानदाराशी बोलल्यासारखं झालं. अभ्यास तुमचा तुम्हीच करायचाय. पेपराला बसताना हात थरथरू नये, एवढं बळ मागा. आणि निकाल मनासारखा लागला नाही तर घरी या. आपल्याकडे वारीला कुणी एकटं जात नाही, दिंडीनं जातात. पुढचा थांबला तर मागचा विचारतो, काय झालं म्हणून. सासवडच्या त्या आजीनं विचारलं तसं. तिचं नाव आम्हाला कळलं नाही. भाच्यानं दुसऱ्या दिवशी शोधलं, पण दिंडी पुढं गेली होती. बहीण म्हणते, तोच आला होता लुगडं नेसून. मी एवढंच म्हणेन, की त्या आजीनं जे केलं ते आपल्याला सगळ्यांना करता येण्यासारखं आहे. शेजारच्या पोराला विचारायचं, "घरी सांगितलंस का?" आणि आपला फोन पुढं करायचा.

आता आयांसाठी एक काम. या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत इतिवृत्त लिहून झालं की दहा मिनिटं जास्त बसा. ज्यांची लेकरं बाहेर आहेत त्यांनी एकेक करून सांगायचं, लेकरू कुठं राहतं, खोलीचा पत्ता काय, सोबत कोण आहे, पगार किती आणि त्याला स्वतःला किती उरतात. जिला सांगता येणार नाही, तिनं त्याच संध्याकाळी फोन लावायचा. आणि बापांना सांगा, पोराकडे पैसे मागण्याआधी एवढं विचारा, "तुझ्याकडं आहेत का? नसले तरी चालेल." दाजी आता दर वेळी विचारतात. आधी त्यांना ते कमीपणाचं वाटायचं. आता त्यांना सवय झाली आहे.

भाचा आज त्याच कंपनीत आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला वहीच्या पानाचा फोटो मला पाठवतो. मी बैठकीत असले तरी बघते. आणि फोन आला तर आता मी बैठक थांबवून उचलते. बायका रागावत नाहीत. त्याही आपल्या लेकरांचे फोन तसेच उचलतात.

पुतणीच्या पेटीत चिवडा आहे, चटणी आहे, लोणचं आहे. झाकणाला आतून पाच ओळी आहेत. त्यांच्याखाली मी माझा नंबर लिहिलाय आणि पुढं लिहिलंय, कधीही.

तुमच्याही लेकरांच्या पेटीत एवढं लिहून द्या.

पांडुरंग सगळ्या लेकरांना सांभाळो. राम कृष्ण हरी.